पोटातला ठोका

आमच्या घरात बाईला रक्त जायला लागलं की चार दिवस तिला कुणी शिवायचं नाही. थोरल्या जाऊबाईंचे, आमच्या अक्कांचे, हे चार दिवस महिना उलटला तरी संपेनात. दोनदा गर्भ पडला होता. दुसऱ्या वेळी डॉक्टरनं पिशवी खरवडली आणि तेव्हापासून हे सुरू झालं. एक दिवस कोरडा जायचा, दुसऱ्या दिवशी लुगडं भिजायचं, आणि सासूबाई पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायच्या. गोठ्याशेजारच्या खोलीत अक्का पांढऱ्याफटक पडलेल्या. मी उंबऱ्याबाहेरून भाकरी सरकवायची. माझी मलाच लाज वाटायची.

शेवटी खोटं बोलले. "आत्याबाई, मी बी बाहेरची झाले," सासूबाईंना म्हणाले आणि अक्कांजवळ जाऊन बसले. बाहेरचीला बाहेरची शिवलेली चालते. पोट चोळायला हात ठेवला, तर आत ठक ठक काहीतरी उडत होतं. मूल कशाला म्हणतात हेही ठाऊक नसलेली मी शहाणी म्हणाले, "अक्का, बाळ हाय."

सासूबाईंना कळलं तशी त्यांनी दवाखान्याची गोष्टच सोडली. बाळ असलं तर पुन्हा खरवडून कसं चालेल? आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी गोधडीही भिजली आणि अक्का शुद्धीत राहीनात. मग बैलगाडीनं येडशी, तिथून रेल्वेनं निजामाची हद्द ओलांडून बार्शी. गाडीत शुद्ध आली की अक्का पोटातल्या बाळाशी बोलत होत्या आणि मी मनातून मेले होते.

डॉक्टरीणबाईंनी एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्यानं मनगट धरलं. "हा ठोका हिच्या स्वतःच्या नाडीबरोबर पडतोय. बाळाचा याहून जलद असतो. पिशवीत शिरांचा गुंता झालाय. पुन्हा खरवडलं तर हातची जाईल. पिशवीच काढावी लागेल."

अक्कांच्या नवऱ्यानं, थोरल्या भावजींनी, कागदावर अंगठा दिला. आत नेताना अक्कांनी माझा हात ओढून पोटावर ठेवला.

"उडतंय न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. खरं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

अक्का जगल्या. पुढं कितीतरी वर्षं, दोघीच भाकरी करायला बसलो की हळूच विचारायच्या, "डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं आसल. पोरगं व्हतं का पोरगी?"