तिसऱ्या पिस्टनची रिंग

साऱ्या मध्यप्रांतात इंजिनाची नाडी ओळखणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. हे मत आमच्या घराण्याचं नव्हतं, खुद्द मावसाजींचं होतं. पण ते इतक्या निर्मळपणे सांगत, की ऐकणाऱ्याला त्यात बढाई वाटतच नसे. इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांमागे त्यांची टिनाची शेड होती. बाहेर दिवसभर तांबट ठोकत असत, आणि त्या ठणठणाटातही मावसाजींना इंजिनाच्या पोटातली कुरकुर ऐकू येई. त्यासाठी ते मावशीचं लाटणं वापरत; एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. बाटलीने पोळ्या लाटायची सवय मावशीला लग्नाच्या पहिल्याच वर्षी लागली. मोटारीच्या इंजिनाशी ते गड्याशी बोलावं तसं "काहून गा, काय दुखते?" असं बोलत आणि पिठाच्या गिरणीच्या इंजिनाशी बाईमाणसाशी बोलावं तसं "काय झालं वं?" असं. हा भेद कशावरून, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. माझे वडील खोकल्याने आजारी पडले तेव्हा मावसाजी समाचाराला आले. तब्येत विचारली नाही. उशाशी बसून दोन मिनिटं खोकला ऐकला आणि म्हणाले, "रिंगा ठीक हायेत. नळी साफ करा." वैद्यांनीही पुढे काढाच दिला.

त्यांचा एक ठाम सिद्धान्त होता. "तेल जेथून गळते तेथ दोष नसते गा. तेलाले आतून कोण ढकलून राह्यलं ते पाहा."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल रेशनवर, म्हणून मोटारी पाठीवर भट्टी घेऊन कोळशाच्या गॅसवर धावत. त्या गॅसबरोबर बारीक राख इंजिनात जाई आणि आतला सिलिंडर घासून घासून सैल करी. अशीच एक थकलेली उमरेडची मोटार मावसाजींकडे आली. महिनाभर खपून त्यांनी तिचं इंजिन नव्याने बांधलं. नवे पिस्टन, आणि वरचा गॅस खाली उतरू नये म्हणून पिस्टनभोवती बसतात त्या नव्या रिंगा. त्याच सुमारास माझं लग्न उमरेडच्या मुलीशी ठरलं. मालक म्हणाला, "इंजिन चाललं तर पहिली फेरी पोराच्या वऱ्हाडाची." दुसरी मोटार त्या दिवसांत मिळणं अशक्य होतं, आणि बैलगाडीने आमचं वऱ्हाड मुहूर्त टळल्यावर पोचलं असतं.

लग्नाला सहा दिवस उरले असताना मोटार जवळच्या बेसा गावापर्यंत नेऊन आणली. परतली ती तेलाने न्हाऊन. इंजिनाच्या पुढून तेल, मागून तेल, आणि तेल भरायच्या टोपीतून चिलीम ओढल्यासारखे धुराचे लोट. मावसाजींनी पुढचं पॅकिंग बदललं. दुसऱ्या दिवशी मागून जास्त गळलं. मागचं बदललं, तर पुढून. रस्त्यापलीकडे दुसऱ्या एका मिस्त्रींचं दुकान होतं. वीस वर्षांची त्या दोघांची चुरस. ते रोज दारात उभे राहून पाहत आणि काही बोलत नसत, हे मावसाजींना जास्त झोंबे. तीन दिवस गेले. मावसाजींनी जेवण टाकलं. मी शेडमध्ये चकरा मारीत होतो, पण विचारायचा धीर होत नव्हता.

चौथ्या दिवशी मावशी स्वतः डबा घेऊन आली. तेलाच्या डबक्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"दुसऱ्या कोणाचं इंजिन असतं तं तुमी पयले काय पाह्यलं असतं?"

"पोटातला दाब," मावसाजी पुटपुटले.

"मंग ह्याचा काहून नाई पाह्यला?"

"हे म्या बांधलं वं."

"म्हणूनच पाहा म्हणते."

 मावसाजी उठले, इंजिन सुरू केलं आणि टोपी काढून त्या भोकावर आपला रुमाल धरला. रुमाल पाखरासारखा फडफडू लागला. एकेका सिलिंडरची तार काढून त्याची ठिणगी ते तोडत गेले. पहिली तोडली, फडफड तशीच. दुसरी, तशीच. तिसरी तोडली आणि रुमाल शांत झाला.

"तिसऱ्यातून गॅस खाली उतरून राह्यला," ते हळू आवाजात म्हणाले. "तोच तेलाले बाहेर ढकलून राह्यला. पॅकिंग बिचारं काय करन?"

संध्याकाळपर्यंत इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची रिंग दोन तुकडे होऊन निघाली. रिंग सगळीकडून दाबून अलगद आत सरकवावी लागते. ही ठोकून बसवली होती. मावसाजींनी तुकडे तळहातावर घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटले.

"तू लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आला होता ना गा? एका हातात पेढा होता माह्या, एका हातानं पिस्टन बसवला!"

मग त्यांनी जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. तुकडे घेऊन ते भर रस्त्यात गेले आणि पलीकडे हाक मारली, "मिस्त्री, या! माह्या हातची चूक हाये. पाहून घ्या."

मिस्त्री आले. तुकडे उलटसुलट पाहिले. हसतील म्हणून मी मान खाली घातली होती.

"माह्याकडे ह्या मापाची एक रिंग हाये," ते म्हणाले. "पण बसवीन मी. तुमी पेढे खात बसा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रिंग बसवली, आणि मावसाजी शेजारी स्टुलावर बसून दर मिनिटाला "हळू गा, हळू" म्हणत राहिले.

वऱ्हाड निघालं ते थाटात. मावसाजी ड्रायव्हरशेजारी, दर पाच मैलांवर गाडी थांबवून ते टोपी काढून भोकावर रुमाल धरीत आणि त्यावर तेल उडालं का ते पाहत. उमरेडच्या वेशीवर माझे सासरे हार घेऊन उभे होते. मावसाजी सगळ्यांच्या आधी उतरले आणि तो रुमाल त्यांच्या नाकापुढे नाचवत ओरडले, "कोरडा!" सासऱ्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीत असावी. त्यांनीही खिशातला रुमाल काढून दाखवला.

लढाई संपता संपता मावसाजींचे कान गेले. कुणाला कळू नये म्हणून ते सगळ्यांना होकार देत. त्याच सुमारास मालकाने ती मोटार दूर छत्तीसगडकडे विकली. जायच्या दिवशी मावसाजींनी मला सोबत नेलं. तिच्या तापलेल्या बॉनेटवर तळहात ठेवून ते थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग मोटार निघाली, वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मावसाजी रस्त्याकडे तोंड करून तसेच उभे.

"येऊन राह्यला का आवाज?" त्यांनी विचारलं.

आवाज केव्हाच विरला होता. मी मान हलवून हो म्हटलं, आणि आम्ही दोघं आणखी बराच वेळ तिथे उभे राहिलो.