थिजलेलं दार

माझ्या गाडीच्या खिडक्यांना चौकट नाही. नुसती काच. हँडल ओढलं की काच आधी बोटभर खाली सरकते, वरच्या रबरातून सुटते आणि मग दार उघडतं. ज्या कुणा जर्मन इंजिनियरनं हे डोकं लढवलं, त्याला जानेवारीत सकाळी सातला कॉव्हेंट्रीत आमच्या दारासमोर उभं करावं अशी माझी फार इच्छा आहे. पारा शून्याखाली गेला की काच रबराला चिकटते. जोर लावून दार उघडलंच तर ते परत लागत नाही, कारण काच आडवी येते. मग एक्स्टेन्शनची वायर घराच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून बाहेर काढायची आणि सर्जरीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, पेशंट खोळंबलेले असताना आपण हेअरड्रायरनं गाडी वाळवत बसायचं. समोरचे म्हातारे गृहस्थ चहाचा मग घेऊन खिडकीतून हे रोज बघतात. एकदा त्यांनी हात हलवला. मी हलवला नाही.

ही कूपे मी ऑगस्टमध्ये घेतली. गडद निळी, दोन दारांची, अकरा वर्षं जुनी. त्याआधी वीस वर्षं मी शहाण्या गाड्या चालवल्या. मुलीचं दप्तर, व्हायोलिन, आठवड्याचा किराणा, सगळं मावेल अशा. मुलगी नोकरीला लंडनला गेली आणि घरात मी एकटी उरले, तेव्हा म्हटलं, आता एक गाडी फक्त माझ्यासाठी. ऑगस्टमध्ये ती अशी काही पळायची की मी पेट्रोलला जायचं निमित्त काढून लांबच्या पंपावर जायचे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मला चांगले नव्वद मिळाले.

आई नाशिकहून आली ती दसऱ्याच्या आधी, सहा महिन्यांसाठी. नाशिकला ती माझ्या भावाकडे असते. दसऱ्याला तिनं गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, ड्राइव्हवे स्वच्छ असूनही आधी झाडून घेतला आणि नारळ फोडला. मग आत बसली आणि म्हणाली, "जमिनीवर बसल्यासारखं वाटतं गं." मी हसले. तेव्हा ऐकायला हवं होतं.

दर गुरुवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉलमध्ये आपल्या बायकांचं भजन असतं. आईच्या वयाच्या सात-आठ जणी जमतात. माझी सुट्टीही गुरुवारचीच. आठवड्यात आईला तिच्या मराठीत, तिच्या वेगानं बोलायला मिळायचं ते तेवढंच. बाकी मी सर्जरीत आणि ती घरात, रेडिएटरशेजारी. गुरुवार होता म्हणून सहा महिने निघणार होते.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी हॉलसमोर गाडी लावली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी मॅन्युअल काढून तो कसला ते शोधत बसले. शेजारी आई उतरायचा प्रयत्न करत होती. सीट इतकी खाली की गुडघे छातीशी, त्यात पुढे फुटपाथची चढण. एकदा उठली, बसली. दुसऱ्यांदा उठली, बसली. शेवटी दारात उभ्या असलेल्या दोघी धावत आल्या, दोन्ही दंडांना धरलं आणि "एक, दोन, तीन, हेइशा!" करून तिला ओढून काढलं. सगळ्या हसल्या. आईही हसली, पदर सारखा केला आणि आत गेली. दिवा टायरमधल्या हवेचा निघाला.

तो किस्सा मी त्या संध्याकाळी भावाला फोनवर रंगवून सांगितला. हेइशासकट. आई शेजारी मेथी निवडत होती.

पुढच्या गुरुवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी थंडी फार होती. मग, "भजन काय, घरीही म्हणता येतं." डिसेंबर लागला तेव्हा ती एकदम म्हणाली, "माझं मार्चचं तिकीट अलीकडे करून दे. जानेवारीअखेर निघते. तिकडं ऊन असतं."

मला राग आला. मी इतकं करते, खोली कायम गरम ठेवते, तरी हिला करमत नाही. मी बोललेही, "अगं, बाहेर पडायचंच नाही म्हटल्यावर बोअर होणारच ना! भजन आहे, मी ड्रॉप करते, अजून काय करू?"  मी तिकिटाचं बघते म्हणाले आणि मुद्दाम बघितलं नाही. माणूस सहा महिन्यांसाठी आलेलं चार महिन्यांत परत जातं, याचा अर्थ त्याला आपल्याकडे नकोसं झालंय, एवढंच मला कळत होतं आणि ते झोंबत होतं.

त्यात गाडीचा छळ सुरूच होता. मागची चाकं ढकलतात, त्यामुळे आमच्या गल्लीच्या चढावर बर्फ असला की ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरायची. डिकीत पाणी यायला लागलं, ते कुठून येतं ते कुणाला सापडेना. गॅरेजवाल्यानं हात पुसत सांगितलं, "सुंदर गाडी आहे, डॉक्टर. जूनमध्ये." आणि दारांच्या रबराला काहीतरी वंगण लावत जा म्हणाला. हे मी घरी येऊन चिडचिडत आईला सांगितलं. गाडीबद्दल कुणाला तरी सांगायला ती होती, म्हणून सगळं तिलाच सांगायचे.

जानेवारीत एका मंगळवारी गाडी सर्जरीच्या पार्किंगमध्येच बंद पडली. गॅरेजवाला ती घेऊन गेला आणि मी बसनं दुपारीच घरी आले, मागच्या दारानं. आतून आकडे ऐकू आले. "बारा... आई गं... तेरा."

आई बैठकीच्या खोलीत होती. अंघोळीचं बुटकं प्लास्टिकचं स्टूल मध्ये ठेवलं होतं. त्याच्यापुढे माझं मेडिसिनचं जाडजूड पुस्तक, फुटपाथच्या जागी. स्टुलावर बसायचं, दोन्ही पाय एकदम वळवून पुस्तकावर ठेवायचे, हात मागे टेकायचे आणि उठायचं. कपाळावर घाम होता. मला बघून ती स्टूल सरकवायला वाकली, जणू काही चोरी पकडली गेली.

"किती दिवस चाललंय हे?"

"नोव्हेंबरपासून. आधी तीनदा व्हायचं. आता वीसदा होतं." मग म्हणाली, "तुझ्या हौसेची गाडी आहे. माझ्या गुडघ्यांपायी तू विकशील. आणि दर गुरुवारी मला ओढून काढायला बायका बोलवायच्या, ते मला नको. जमलं नसतं तर गेले असते परत."

मी तिच्या समोर जमिनीवर बसले आणि रडले. लाजेनं रडले. दोन महिने मी दाराच्या रबराचं दुखणं कुणी ऐकेल त्याला सांगत होते आणि रोज लोकांचे गुडघे तपासणाऱ्या मला घरातले दोन दिसले नव्हते.

"गाडी विकते," मी म्हणाले.

"मग वीस वेळा कशाला उठले मी?" ती वैतागून म्हणाली. "परवा गुरुवार आहे. तिळगूळ आहे सगळ्यांचा. गाडी आण."

बुधवारी गाडी परत आली. गुरुवारी आई हिरवी साडी, वर माझं जाडं जॅकेट, हातात लाडवांचा डबा अशी तयार होऊन बाहेर उभी राहिली. मी तिच्या बाजूचं हँडल ओढलं. काच हलली नाही. ड्रायर आणला. काच आणि रबराच्या मधल्या फटीत पांढरं काहीतरी मेणासारखं घट्ट बसलं होतं. बोटाला लावून वास घेतला आणि मी आईकडे वळून बघितलं.

"खोबरेल आहे," ती म्हणाली. "तो वंगण लाव म्हणाला होता ना? काल तू फोनवर होतीस तेव्हा लावलं. चांगलं कोमट करून."

"अगं आई, फ्रीझिंगमध्ये खोबरेल!"

"थिजतं ते मला काय ठाऊक नाही? पण कोमट केलं होतं गं!"

ड्रायरनं तेल वितळायचं, खाली ओघळायचं आणि तिथं पुन्हा थिजायचं. वीस मिनिटं गेली. माझ्या बाजूचं दार उघडत होतं, पण गिअरवरून पलीकडे जायचा सराव तिनं केलेला नव्हता. तिळगूळ सुरू झाला असणार. शेवटी मी टॅक्सी बोलावली. ती आली उंच, ऐसपैस, सरकत्या दाराची. आई तिच्यात जिना चढावा तशी चढली आणि हॉलपाशी सहज उतरली. दारात सगळ्या उभ्या होत्या. कुणाच्याही लक्षात काही आलं नाही. टॅक्सीतून उतरण्यात बघण्यासारखं काय असतं?

ती भयंकर चिडली होती. तिला इतकं चिडलेलं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. हॉलच्या पायऱ्यांवर थांबून तिनं लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि जॅकेटची चेन खाडकन उघडली.

"मेली ऐन वेळेला अडून बसली," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी तिळाचं तेल लावू. ते लवकर थिजत नाही. आणि त्या तिकिटाचं काही केलं नसशील ना?"

"नाही."

"मग राहू दे मार्चचंच."