एकवीस पिवळी कार्डं

पिवळी रेशनकार्डं नवीन आली तेव्हा मी डोळखांबकडच्या एका पाड्यावर बालवाडी चालवत होते. घर सापगावला, सोमवारी एसटीने यायचं, शनिवारी परत. दहावी झालेली, अर्ज लिहिता येतो, म्हणून पाड्यावर माझा भाव वधारलेला. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं.

दिवाळी झाली की पाडा वीटभट्ट्यांवर जायचा. तिथल्या झोपड्या गवताच्या. एका वर्षी एकीचं कार्ड झोपडीसकट जळालं. तेव्हापासून सगळ्या जणी आपापलं कार्ड एका म्हातारीकडे ठेवून जायच्या. गुडघ्यांमुळे ती मागेच राहायची. एकवीस घरांची कार्डं फडक्यात बांधून ती रिकाम्या कणगीत ठेवायची.

त्या हिवाळ्यात तहसील कचेरीतून कार्डांच्या तपासणीला एक माणूस आला. घरं बंद, आणि एकाच बाईकडे एकवीस कार्डं. माणसं कुठे गेली, असं त्याने विचारलं. आता पाड्याची जुनी रीत अशी, की पँटवाल्या परक्याने कोणाचा ठावठिकाणा विचारला तर सांगायचा नाही. तो जंगलखात्याचा असेल, नाहीतर उचल फिटली नाही म्हणून माणसं ओढून न्यायला आलेला दुसऱ्या भट्टीचा मुकादम. म्हातारीने प्रत्येक घराबद्दल ‘नाय म्हायत’ एवढंच सांगितलं. त्याने ‘कुटुंबे आढळली नाहीत’ असं लिहिलं आणि कार्डं घेऊन गेला. पोरंही भट्टीवर, बालवाडी बंद, म्हणून मी त्या दिवशी सापगावला होते, याचा मला अजून राग येतो.

वैशाखात माणसं परतली, तर दुकानात धान्य मिळेना. घरात भात-नाचणी होती ती पेरणीपुरती. आषाढ-श्रावणात कंद उकडून दिवस काढलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. त्या दिवसांत बालवाडीतली पोरं भांडतसुद्धा नाहीत, नुसती बसून राहतात. पावसाआधी कार्डं सुटली नाहीत तर यंदाही तेच होणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हातारीला कोणी बोल लावला नाही, पण तिने दुसऱ्याच्या दारात जाणंच सोडलं.

मी मोठ्या झोकात अर्ज लिहिला. तीनदा कचेरीत गेले आणि तीनदा ‘बघतो’ ऐकून आले. तिसऱ्या खेपेनंतर पाड्यावर म्हातारी म्हणाली, “बाय, कागद लय नेलास. आता आमाला ने.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने एकवीस घरच्या बाया, कडेवर पोरं, मधे म्हातारी, असं आमचं वऱ्हाड थेट साहेबांच्या खोलीत शिरलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांचा संशय पक्का होता. हिला अक्षर येत नाही, मग कोणाचं कार्ड कोणतं हे हिला कळतं कसं, असं त्यांनी मला विचारलं. म्हातारीने फरशीवर बसकण मारली आणि जप्त कार्डांचा गठ्ठा मागून घेतला. हळदीचा अंगठा लागलेलं एकीला दिलं, कोपरा शेळीने खाल्लेलं दुसरीला, काळ्या दोऱ्याने शिवलेलं तिसरीला. मी कार्डावरची नावं मोठ्याने वाचत गेले. शेवटच्या कार्डापर्यंत एक चूक नाही.

साहेबही नरमले. कार्डं ठेवून जा, सोमवारी या, म्हणाले. मी शहाणी, “हो साहेब” म्हणून मोकळी झाले. बाया जागच्या हलल्या नाहीत. म्हातारी म्हणाली, “कार्ड आता हातातून सुटायचं नाय. तुमी शिक्का मारा, आमी बसतो.”

आणि आम्ही बसलो. पोरं व्हरांड्यात झोपली, उठली, पुन्हा झोपली. दुपारच्या चहानंतर कारकुनाने मुकाट्याने शाईचा डबा उघडला. साहेब एकेका कार्डावर सही करू लागले. शेवटचं कार्ड हातात घेऊन त्यांनी म्हातारीला विचारलं, माणसं भट्टीवर गेलीत एवढं तेव्हाच सांगितलं असतं तर?

“तवा मी एकटी होती, साहेब,” ती म्हणाली. “कार्डं राखू का माणसं राखू? माणसं राखली.”

साहेबांनी मान खाली घालून सही केली. एसटी स्टँडकडे जाताना म्हातारीची पिशवी मी उचलली आणि तिच्या मागून चालले. नंतर पुष्कळ ठिकाणी मला पुढे बसवलं गेलं, पण त्या दिवशी तिच्या मागून चालण्याचा जो अभिमान वाटला, तसा पुन्हा कधी वाटला नाही.