झोपलेला डोळा

दाजींचा फोन आला तेव्हा मी नाशिकला, कॉलेजात पेपर तपासत बसले होते. "तुझी अक्का गेली गं," एवढंच म्हणाले. मागे फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

अक्का माझी थोरली बहीण. पिंपळगाव बसवंतजवळची द्राक्षबाग तिनेच जोपासली. दाजी स्वतःच सांगायचे, मी नुसता ट्रॅक्टर चालवतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटव्याच्या जागा, झोपलेले असतात. ते एकसारखे फुटावेत म्हणून डोळ्यांना ब्रशने पेस्ट लावतात, आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून तिच्यात लाल रंग मिसळतात. अक्का कामाच्या बायकांमागून ओळीओळीने फिरायची. "डोळा सुटला नाय पायजे," हे तिचं पालुपद. हातमोजे घालूनही तिची नखं आठवडाभर लाल असायची.

तीन वर्षांपूर्वी तिला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किरणोत्सारी आयोडीन दिलं. आधी ते लागू पडलं, नंतर कॅन्सरच्या पेशींनी ते घेणंच बंद केलं. असं का, ते तिने मला विचारलं. मी जीवशास्त्र शिकवते, पीएचडीसुद्धा जनुकांच्या मिथायलेशनवरच केलेली. कुणीतरी आपणहून विचारतंय म्हटल्यावर माझा उत्साह उतू गेला. वहीचा कागद फाडून मी जनुकाची लांब रेघ ओढली, तिच्यावर ठिपके काढले. म्हटलं, "आयोडीन आत घेणारं जनुक मोडलेलं नसतं, अक्का. त्याच्यावर हे मिथाइलचे ठिपके बसले की ते गप्प होतं. तुझंही बहुतेक तसंच झालंय."

"म्हंजी डोळा मेला नाय. झोपलाय."

"अगदी बरोबर!" मी टाळीच वाजवली. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याला हे इतकं चटकन कळलं नव्हतं.

त्या 'अगदी बरोबर'ची मला आज लाज वाटते. डोळा झोपलाय म्हटल्यावर पेस्ट असणारच, हे तिच्या दृष्टीने उघड होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या सुचवल्या. त्या गोळ्यांनी तळहात-तळपाय सोलतात असं ऐकून ती मला म्हणाली, "तुमची ती उठवायची पेस्ट येऊ दे, मग बघू." मला वाटलं, चेष्टा करतेय. अशी जनुकं जागी करायचे प्रयोग चालू आहेत, पण तिच्या हातावर ठेवता येईल असं औषध अजून नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी नुसती हसले…

पाच महिने ती गोळ्यांशिवाय थांबली. दाजींकडून कळलं तेव्हा मी धावत गेले. "एवढ्यासाठी थांबलीस?" मी ओरडलेच.

"तूच म्हणालीस ना, अगदी बरोबर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तोवर कॅन्सर फुप्फुसांत पसरला होता. गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी मात्र रोज स्वतःला तेच विचारते.

गेल्या रविवारी बागेत गेले होते. मणी धरलेत. फवारणीचं सामान ठेवायच्या खोलीत तिचा ब्रश खिळ्याला टांगलेला होता, आणि त्याच खिळ्याला माझा तो वहीचा कागद. माझ्या ठिपक्यांवर लाल रंग लावलेला होता. मी रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवत गेले. एकही डोळा सुटलेला नव्हता.