भिंतीची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे निकालराव म्हणत. कुणी लग्नाहून आलेलं असो, दवाखान्यातून आलेलं असो की घरमालकाशी भांडून, यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "निकाल काय?" जन्मभर खेळाचं पान सांभाळलं की माणसाचं असं होतं. सुट्टीच्या दिवशी जग घरी बसतं तेव्हा हे मैदानावर. त्यात लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एकीवर ते बसत आणि दुसरीवर रद्दी. परगावची बहीण फोन करून "जेवलास का?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू करायची.

एक माणूस मात्र त्यांच्या हक्काचा होता, कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा कोच. रोज संध्याकाळी गोलच्या मागे लोखंडी बाकावर दोघं बसत. कोचच्या थर्मासमधला चहा आणि समोर सराव. बोलणं बेताचंच. कोचला त्याच्या मुली होत्या, घर होतं, गुडघेदुखी होती. निकालरावांना कोच होता.

संघाची गोलकीपर म्हणजे उंच, अबोल पोरगी. तिला 'भिंत' हे नाव निकालरावांनीच छापून दिलं. ते आधी कॉलेजात रुळलं, मग गावभर. प्रत्येक सामन्यानंतर ते तिला फोन करत, दोन प्रश्न विचारत, आणि ती चार शब्दांत उत्तर देऊन मोकळी होई. त्या चार शब्दांचा परिच्छेद करणं हे यांचं कसब.

एके दुपारी संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. संपादक वयानं लहान, पण खुर्ची मोठी. मोबाइलच्या दुकानात मुलींची हाणामारी झाली होती, काच फुटली होती, दुकानदाराच्या कपाळाला टाके पडले होते. पोलिसांनी तीन मुली धरून नेल्या, त्यातली एक भिंत. गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणारा नेमका तापानं आडवा. "तुम्ही तिला ओळखता, तुम्हीच लिहा. पहिल्या पानावर घेऊ," संपादक म्हणाले. उभ्या आयुष्यात निकालरावांना पहिलं पान मिळालं नव्हतं. पडत्या फळाची आज्ञा म्हणून ते तडक पोलीस ठाण्यात गेले.

आता हा माणूस काही दुष्ट नव्हता. पण त्याची हयात गेली होती अशा धंद्यात, जिथं रेफ्रीनं शिट्टी मारली की विषय संपतो. लाल कार्ड दाखवलेल्या खेळाडूला फोन करून 'बाई गं, तू खरंच पाय घातलास का?' असं कुणी विचारत नाही. इन्स्पेक्टर बोलले, यांनी लिहून घेतलं. मारामारी कुणी सुरू केली, काच कुणी फोडली, कितव्या मिनिटाला काय झालं, सगळं सामन्याच्या वर्णनासारखं झरझर उतरलं. 'गोल वाचवणारे हात दुकानदारावर उठले' हे वाक्य जमल्यावर तर त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. भिंतीचा नंबर खिशातल्या फोनमध्ये होता. तो लावायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

बाकी दोन मुलींची नावं छापली नाहीत. त्यांना कोण ओळखतं? फोटो खेळाच्या पानासाठी काढलेलाच घेतला: भिंत हवेत झेपावली आहे, तोंड उघडं, मूठ पुढे. मूळ फोटोत त्या मुठीपुढे चेंडू होता. पानावर जागा अरुंद, म्हणून पान लावणाऱ्यानं कडा कापल्या आणि चेंडू गेला. राहिली ती नुसती मूठ. निकालरावांनी खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "छान बसलाय."

दुसऱ्या दिवशी ते बाकाजवळ आले तेव्हा कोचनं थर्मास उघडला नाही.

"तिला विचारलंस?" कोचनं विचारलं.

"पोलिसांनी सांगितलं म्हटल्यावर..."

"ऊठ इथून," कोच म्हणाला. ते बसलेलेही नव्हते.

कॉलेजनं भिंतीला संघातून काढलं. राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. ती तिच्याविना झाली. पुढे समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पोलिसांना मिळालं. भांडण दुसऱ्याच दोघींचं होतं आणि ही त्यांना कमरेला धरून मागे ओढत होती. तिचं नाव गुन्ह्यातून काढलं गेलं. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथं तर ओलंच आधी जळलं.

निकालराव धावत संपादकांकडे गेले. ही बातमी तिथंच, पहिल्या पानावर, तेवढ्याच फोटोसकट घ्या म्हणाले. संपादकांनी त्यांना पाणी दिलं. पकडली ही बातमी असते, सुटली ही नसते, असं समजावलं आणि आतल्या पानावर चार ओळी टाकल्या, निविदांच्या शेजारी. वर म्हणाले, "जाऊ द्या हो निकालराव. बूंद से गयी वो हौद से नहीं आती."

त्या चार ओळी घेऊन ते मैदानावर गेले. कोचनं वाचल्या, घडी केली आणि परत त्यांच्या हातात दिल्या.

"जेवढं मोठं छापलंस तेवढंच मोठं छाप," तो म्हणाला. "मग ये बसायला."

सोमवारचं खेळाचं पान सर्वस्वी निकालरावांचं. छापून येईपर्यंत त्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. त्यांनी ठरवलं, नोकरी गेली तर गेली. मोबदल्यात बाक मिळणार होता, आणि निकालरावांच्या हिशेबी बाक जड होता. त्यांनी जीव ओतून लिहिलं. चेंडूसकट पूर्ण फोटो घेतला. आपण मुलीला साधा फोन केला नाही हेही लिहिलं. शनिवारी मैदानाच्या जाळीबाहेरून कोचला ओरडून सांगितलं, "सोमवारी बघ!" कोचनं हात वर केला. तेवढ्यावर ते घरी गाणं गुणगुणत गेले.

रविवारी सकाळी मात्र मनात आलं, या खेपेला तरी तिला विचारायला हवं. तिचा नंबर बंद होता. तिच्या आईनं दार अर्धवट उघडून, आत या न म्हणता, मावशीच्या गावचा पत्ता सांगितला. एसटी नव्हती, खाजगी बस मिळाली. दुपारी ते त्या गावातल्या एका औषधाच्या दुकानात उभे होते. बिलाच्या काउंटरवर भिंत होती. काउंटर बुटका, त्यामुळे ती जरा वाकून बसली होती.

तिनं मजकूर उभ्यानं वाचला. मध्येच एका आजोबांना खोकल्याचं औषध दिलं, सुटे दिले आणि परत वाचू लागली.

"चांगलं लिहिलंय, काका," ती म्हणाली.

"उद्या छापतो."

"नका छापू."

निकालरावांना वाटलं, तिला नीट कळलं नाही. तुझी काही चूक नव्हती असंच लिहिलंय, असं ते सांगू लागले.

"लोक एवढं वाचत नाहीत. फोटो बघतात," ती म्हणाली. "इथं मला कुणी भिंत म्हणत नाही. नावानं हाक मारतात. मालकांना काही माहीत नाही. उद्या फोटो आला की विचारतील, कसली गं ती भानगड? मग परत सगळं पहिल्यापासून सांगायचं."

"आणि खेळ?"

तिनं बिलांचा गठ्ठा सरळ केला. "सरांना वाटतंय मी मावशीकडे सराव करतेय. पुढच्या वर्षी परत येईन असंही वाटतंय. तसंच वाटू दे. मी इथं दुकानात बसते, तुम्ही मला भेटलात, यातलं काही सांगू नका त्यांना."

दुकानात गिऱ्हाइकं वाढली. निकालराव बाजूला सरकले, आणि त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. परतीच्या बसमध्ये त्यांना स्वतःचीच लाज वाटत राहिली. हे सगळं त्या पोरीसाठी चाललंय असा त्यांचा समज होता. खरं तर त्यांना बाकावरची जागा हवी होती, आणि तीही पुन्हा तिच्याच फोटोच्या जोरावर.

संध्याकाळी कचेरीत जाऊन त्यांनी मजकूर काढला. मोठी थोरली जागा मोकळी पडली. तिथं शेजारच्या कॉलेजच्या पोहण्याच्या स्पर्धेचे निकाल भरले, अगदी आठव्या क्रमांकापर्यंत.

सोमवारी तरीही ते मैदानावर गेले. कोच बाकावर होता, शेजारी पेपर. त्यानं पानन् पान पाहिलेलं दिसत होतं.

"पोहण्याचे निकाल छापलेस," कोच म्हणाला.

"हो."

"नोकरीची भीती वाटली ना?"

एक वाक्य पुरलं असतं. ती नको म्हणाली, एवढंच. ते वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. पण मग ती कशी आहे, सराव करते का, कधी येणार, हे कोचनं विचारलंच असतं, आणि त्याच्याशी खोटं बोलायचं म्हटलं तर निकालरावांना एकदाही जमलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"हो," ते म्हणाले. "घाबरलो."

आणि हे खोटं कोचला लगेच पटलं.

"तू तरी असा नसशील असं वाटलं होतं," एवढं बोलून तो उठला आणि मुलींकडे गेला. गोलमध्ये नवी कीपर होती, तिला तो हात कसे ठेवायचे ते दाखवू लागला. निकालराव जाळीला धरून उभे राहिले. त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरलंही नाही, कारण त्यांच्याकडे बघायला तिथं कुणी नव्हतं.