काचेच्या वाडग्यातला लाडू

बेसन भाजल्याचा वास सुटला की माझी नजर कपाटातल्या निळ्या वाडग्याकडे जाते. बाकीची काचेची भांडी मी केव्हाच विकून टाकली. हा वाडगा विकवत नाही आणि वापरवतही नाही.

वीसेक वर्षांपूर्वी, इंग्लंडमधल्या श्रूजबरीत राहत असताना, मला स्कॉटलंडच्या जुन्या काचेच्या भांड्यांचं वेड लागलं होतं. एका शनिवारी जवळच्याच एका घरातल्या सामानाचा लिलाव होता. पुण्याहून आलेल्या आईलाही मी घेऊन गेले. बोली लावून हा वाडगा मिळवला. निळ्या काचेत सोनेरी भोवरे, कुणी आत्ताच ढवळल्यासारखे. मी भलतीच खूश होते.

"घर कुणाचं गं हे?" आईने विचारलं. खिडकीपाशी एक गोऱ्या आजी बसल्या होत्या, त्यांचं. त्या आता वृद्धाश्रमात जाणार होत्या.

नवी वस्तू घेतली की तोंड गोड करायचं, ही आईची रीत. तिने पर्समधल्या डब्यातला लाडू वाडग्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी वाडगा आजींपुढे धरला. आजींना वाटलं, आम्ही वाडगाच परत देतोय. त्यांनी वाडगा मांडीवर घेतला, काठावरून हळूच बोट फिरवलं. चेहरा असा उजळला!

"खरंच?" त्यांनी मला विचारलं.

आईला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं.

"नाही, फक्त लाडू," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

त्यांनी लाडू तळहातावर काढून घेतला. वाडगा मला देत म्हणाल्या, "जपून ने हं. काठ फार पातळ आहे."

गाडीत आई म्हणाली, "बघितलंस, केवढा आनंद झाला त्यांना!"