गुरुजींनी वाचलेलं डॉक्टरचं पत्र

आत्ताच फोनवर दवाखान्याचा इंग्रजी मेसेज आला. डॉक्टर उद्या भेटणार, पण बाई हाय का माणूस, काहीच कळत नाई! मले एकदम पन्नासच्या दशकातलं आमचं अल्लीपूर आठवलं. मी आठ वर्षांची होती.

तवाही असंच इंग्रजी पत्र आलतं. गुरुजींनी चावडीवर मोठ्यानं सांगितलं, "मंगळवारी शाळेत डॉक्टरसाहेब येऊन राह्यले!" आईचं पोट सहा महिन्यांपासून दुखत होतं. पण साहेब म्हटल्यावर ती मंगळवारी सकाळीच तुरीच्या वावरात जाऊन बसली.

दुपारी बैलगाडीतून एक बाई उतरली, गळ्यात नळी! मी वावराकडं पळत सुटली.

"आई, डॉक्टर बाई हाय!"

"मले फसवून राह्यली का वं?"

"तुई आन, खोटं नाई बोलत!"

शाळेच्या दारात आईनं विचारलं, "गुरुजी, पत्रात साहेब लिवलं होतं का?"

"नाई बाई. नुसतं डॉक्टर होतं. साहेब मीच लावलं."

तवा मले गुरुजींचा लय राग आला. आता वाटते, त्यांनी नुसतं डॉक्टर म्हटलं असतं तरी माह्याही डोळ्यापुढं टोपीवाला साहेबच उभा राह्यला असता.

आई वर्गात गेली. दार लागायच्या आधीच तिनं त्या बाईचा हात धरून सहा महिन्यांचं दुखणं सांगायले सुरुवात केलती.